जावईबापूंचा एसी

होळी आटोपली की नागपुरात घरोघरी कूलर बसतो. गणपती बसतो तसाच. जागा बाबा ठरवतात, सूचना आई देते आणि वजन उचलायला मी असतो. टाकीचा गंज खरवडायचा, जाळ्यांत नवी खस भरायची, पंपात अडकलेला गेल्या वर्षीचा कचरा काढायचा. मग बाबा पत्र्याला टेस्टर लावतात. करंट नाही अशी त्यांची खात्री पटेपर्यंत कोणी जवळ फिरकायचं नाही.

आमच्याकडे एसीसुद्धा आहे. ताईच्या लग्नात बाबांनी तो हौसेनं घेतला आणि दुसऱ्याच महिन्यात त्याच्यावर चादर टाकली. भर मे महिन्यात पांघरूण घेऊन असणारा आमच्या घरातला तो एकमेव सदस्य. बाबांचं गणित पक्कं आहे : कूलरला लागतात दोनशे वॉट, म्हणजे पाच तासांत एक युनिट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला की तासाला दीड युनिट खातो. "त्याच्या एका तासात आपला कूलर साडेसात तास चालते!"

पण मे महिन्यात डोंबिवलीहून जावईबापू आले.

आल्या आल्या त्यांनी कूलरच्या खोलीची खिडकी लावून घेतली, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. अर्ध्या तासात उशा दमट झाल्या. जावयाला बोलता येत नाही, म्हणून बाबा माझ्यावर घसरले, "काहून बे, खिडकी लावून राहिला? ओली हवा निघंल कुठून?" मग जावईबापूंकडे वळून, आवाजात साखर घोळत, त्यांनी सगळं शास्त्र सांगितलं. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. बाहेरची कोरडी हवा सतत आत आली आणि ओली बाहेर गेली, तरच हा खेळ रंगतो. मुंबईकडची हवा मुळातच ओली, तिथं कूलर नुसता घाम वाढवतो.

"मग एसीच लावू या," जावईबापू म्हणाले.

चादर निघाली. जावईबापूंनी रिमोटवर थेट १८ केलं. बाबांचा चेहरा ४६ वर गेला.

रात्री जेवताना त्यांनी मला, म्हणजे जावईबापूंना ऐकू जाईल अशा बेतानं, समजावलं की १८ वर ठेवून खोली लवकर गार होत नाही, एसी फक्त थांबायचं विसरतो. एकेक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते. "अठरा ते चोवीस किती? सहा. साही सक छत्तीस!" शेवटी त्यांनी सरकारला पुढे केलं : १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींवर मुळातच २४ अंश लावून देण्याचा नियम आहे. जावईबापूंनी मान डोलावली आणि वरण वाढून घेतलं. १८ तसंच राहिलं.

दुसऱ्या दुपारी बाबांनी धोरण बदललं. एवढी वीज जळतेच आहे, तर एकट्यासाठी का? आईला गहू निवडायला एसीच्या खोलीत बोलावलं. आजी जपमाळ घेऊन आली. ताई, तिची दोन मुलं, मी आणि स्वतः बाबा. बसल्या जागी माणूस साधारण शंभर वॉट उष्णता सोडतो; जावईबापूंसकट आठशे वॉट कुटुंब खोलीत जमलं. शिवाय मुलांचं दर दोन मिनिटांनी दार उघडणं. एसी धापा टाकू लागला. आजीनं जावईबापूंना त्यांचा पगार विचारला. मग त्यांच्या भावाचा.

थोड्याच वेळात जावईबापू उशी काखेत मारून हळूच बैठकीत गेले आणि कूलरसमोर, खिडकी उघडी ठेवून, घोरू लागले.

बाबांनी एसी बंद केला, वर चादर टाकली, रिमोट कपाटात ठेवला आणि आईला कौतुकानं म्हणाले, "पाह्यलं? आपल्या जावईबापूंना साधंच आवडते."