भागिले काय?

(चुडाव्याचं रेल्वे स्टेशन. एका अंगाला पूर्णा, दुसऱ्या अंगाला लिंबगाव आणि पुढे नांदेड. पूर्ण्याकडे जाणारी गाडी यायची आहे. बाकावर सल्लागार, मांडीवर टॅब. शेजारी शेतकरी.)

शेतकरी : साहेब, आमच्या गावात कामून आला होता म्हणायचं?

सल्लागार : एका शेतकरी कंपनीनं बोलावलं होतं, काका. कार्यक्षमता मोजायला.

शेतकरी : ती कशी मोजत्यात?

सल्लागार : सोपं आहे. किती निघालं, भागिले किती घातलं.

शेतकरी : घातलं म्हंजी काय-काय?

सल्लागार : काहीही घ्या. जमीन, पाणी, पैसा, माणसाचे तास.

शेतकरी : मंग ह्यातलं खाली काय घ्यायचं ते कोन ठरवतंय?

सल्लागार : ते आम्ही ठरवतो.

शेतकरी : हां. मंग तुमचं कवा चुकतच नसंल.

सल्लागार : तसं नाही हो. तुमचंच बघू. यंदा सोयाबीन एकरी किती?

शेतकरी : सहा क्विंटल.

सल्लागार : बघा, कमी आहे. तुमच्या शेजाऱ्यानं नऊ सांगितलं.

शेतकरी : त्याला नऊ झालीच. पण त्याचं खत, फवारणी, समदं दुकानातून उधारीवर. दुकानदार आता रोज त्याच्या दारात येऊन बसायलाय. एकरी बघितलं तर त्यो हुशार, रुपयामागं बघितलं तर मी. तुम्ही एकरी बघितलं म्हून मी येडा ठरलो.

सल्लागार : पण मोजल्याशिवाय सुधारणा होत नाही, काका.

शेतकरी : मोजा की, मी कुठं नगं म्हनलं? 2024 ला सरकारी खरेदी केंद्रावर सोयाबीन नेली. हमीभाव क्विंटलला 4,892. मशीन लावलं, ओलावा निघाला चौदा टक्के. म्हनले, बाराच्या वर चालत नाही, घेऊन जा वापस. मंग नोव्हेंबरात दिल्लीवरून हुकूम आला, पंधरापर्यंत चालंल. तेच मशीन, तीच सोयाबीन. रातीतून माल सुधारला बगा.

सल्लागार : (टॅबवर काहीतरी खोडत) ते वेगळं. मी शास्त्राबद्दल बोलतोय. ह्या शास्त्राचा आद्यपुरुष म्हणजे फ्रेडरिक टेलर. अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील कंपनीत हमाल दिवसाला माणशी साडेबारा टन बिडाच्या लगडी वाघिणीत चढवायचे. टेलरनं घड्याळ लावून ठरवून दिलं, कधी उचलायचं, कधी बसायचं. एक गडी दिवसाला साडेसत्तेचाळीस टन चढवायला लागला! 1911 सालच्या पुस्तकात टेलरनंच लिहिलंय.

शेतकरी : (बोटं मोजत) पन्नास किलोचा कट्टा धरला तर साडेनऊशे कट्टे. एकट्यानं?

सल्लागार : एकट्यानं.

शेतकरी : आन मजुरी?

सल्लागार : वाढवली ना! 1 डॉलर 15 सेंटवरून 1 डॉलर 85 सेंट. साठ टक्के वाढ!

शेतकरी : काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीला जरा वर. साहेब, ह्याला तुमच्यात शास्त्र म्हनत्यात? आमच्यात गुत्तं म्हनत्यात.

सल्लागार : पण हमालाचंही भलं झालंच की.

शेतकरी : झालं, सत्तर सेंटाचं. बाकीचं कुठं गेलं ते पुस्तकात हाय का?

सल्लागार : (घसा साफ करत) ऊस आहे का तुमचा?

शेतकरी : दोन एकर.

सल्लागार : मग बघा, तिथं किती चोख हिशेब आहे. शंभर किलो उसातून साखर किती किलो निघाली, तो उतारा. 2025-26 च्या हंगामाला सव्वादहा टक्के उताऱ्यावर क्विंटलला 355 रुपये एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव. त्याच्यावर दर 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे जादा. म्हणजे ज्याचा ऊस चांगला, त्याला पैसा जास्त.

शेतकरी : ज्याचा म्हंजी कोनाचा?

सल्लागार : म्हणजे... कारखान्याचा. सगळ्या उसाचा सरासरी उतारा धरतात.

शेतकरी : आता कसं बोललाव! मी तोडणीच्या आधी पाणी तोडतो, ऊस पिकू देतो. शेजारी तोडणीच्या आदल्या हप्त्यापर्यंत पाणी सोडतो. काट्यावर त्याचं वजन वाढतं, उतारा दोघांचाबी घसरतो. वरून तोडणी-वाहतूक कापून घेत्यात. टोळी येईना, ट्रॅक्टर येईना, तोडलेला ऊस उन्हात वाळला, तर तेवढं वजन माझं गेलं. आता सांगा, ह्यात मी सुधारायचं म्हंजी काय करायचं? पाणी सोडायचं का नाही?

सल्लागार : (बराच वेळ टॅबकडे बघत) ठिबक बसवलंय का?

शेतकरी : बसवलंय. अनुदान भेटलं.

सल्लागार : वा! पाणी वाचलं?

शेतकरी : लई वाचलं.

सल्लागार : (खूश होऊन) किती टक्के लिहू?

शेतकरी : लिहा. वाचलं तेवढ्या पाण्यावर अर्धा एकर ऊस अजून लावला. बोअर पहिल्यासारखंच मार्चात आटतंय.

सल्लागार : (हात खाली घेत) जेव्हन्स.

शेतकरी : कोन?

सल्लागार : विल्यम जेव्हन्स. 1865 साली त्यानं इंग्लंडच्या कोळशावर पुस्तक लिहिलं. जेम्स वॅटच्या इंजिनाला त्याच कामाला कोळसा कमी लागायचा. सगळ्यांना वाटलं, कोळसा वाचणार. पण इंजिन परवडायला लागलं, घरोघर... म्हणजे कारखानोकारखानी इंजिनं आली आणि कोळसा पहिल्यापेक्षा जास्त खपायला लागला.

शेतकरी : ह्यो कोन्त्या गावचा?

सल्लागार : लिव्हरपूलचा.

शेतकरी : मला वाटलं आपल्या वसमत साईडचा असंल.

(लांबून भोंगा. दोघं उठतात. मालगाडी न थांबता निघून जाते. दोघं बसतात.)

सल्लागार : आपली गाडी लेट दिसतेय.

शेतकरी : इथं लेट. तिकडं टायमात.

सल्लागार : म्हणजे?

शेतकरी : नांदेडला संपणारी गाडी घ्या. ती टायमात पोचली का, हे कुठं बघत्यात? नांदेडला. म्हून टायमटेबलात शेवटच्या टप्प्याला मिनिटं जादा टाकून ठेवत्यात. चुडाव्यात ती उशिरा येती आन नांदेडात येळेवर उभी राहती. मधी आम्हीच उशिरा होतो, पण आम्हाला कोन मोजायलंय?

सल्लागार : (हळूच) हे आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात. आकड्यालाच ध्येय केलं की माणसं आकडा सांभाळतात, काम नाही. गुडहार्ट नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं 1975 साली मांडलं होतं.

शेतकरी : आन तरी तुम्ही आकडेच मांडायला आलाव?

सल्लागार : पगार त्याचाच आहे, काका.

शेतकरी : पण एक सांगतो, रेल्वेनं एक काम बराबर केलं. पहिलं इथं एकच रूळ होता. समोरून गाडी यायची म्हून आपली गाडी इथंच घंटा घंटा उभी. आता परभणी ते मुदखेड दुहेरी झालं, क्रॉसिंगचं थांबणं गेलं. डायवरला पळवलं नाही, गार्डाला पळवलं नाही. नुसतं उभं ऱ्हानं काढून टाकलं. त्या टेलरसाहेबाला हे कसं सुचलं नाही?

(शेतकरीण येते. डोक्यावर बोचकं, हातात डबा, काखेत पाण्याची बाटली.)

शेतकरीण : अवो, टिकटं काढली का?

शेतकरी : काढतो. साहेबांसंगं कामाचं बोलायलो.

सल्लागार : नमस्कार मावशी. बसा. तुमचीही माहिती लिहून घेतो. तुम्ही काय करता?

शेतकरी : ती घरीच असती.

(शेतकरीण नवऱ्याकडे बघते. शेतकरी रुळाकडे बघायला लागतो.)

शेतकरीण : लिहा. पहाटं उठून सडा-झाडू, पाणी भरणं, म्हशीची धार, शेण, भाकरी, नातवाची शाळा, मंग रानात खुरपणं. आता कापूस निघालाय, तर वेचणी. सांजच्याला पुन्हा भाकरी. आन मधल्या टायमाला घरीच असते.

सल्लागार : याची सरकारी पाहणी झालेली आहे, मावशी. 2019 ची. घरातलं बिनपगारी काम तेव्हा बाया दिवसाला 299 मिनिटं करत होत्या, पुरुष 97 मिनिटं.

शेतकरीण : सत्त्याण्णव? कोन्ता गडी हाय त्यो? दाखवा तरी!

सल्लागार : नाही, जे पुरुष घरकाम करतात, फक्त त्यांचीच ती सरासरी आहे. न करणारे त्यात धरलेले नाहीत. करणारा चारात एकच निघाला.

शेतकरीण : (नवऱ्याकडे बोट करत) ह्ये उरलेल्या तिघातले.

शेतकरी : मी टिकटं काढायलोच होतो.

शेतकरीण : मंग माझं हे समदं काम देशाच्या हिशेबात कुठं जातं?

सल्लागार : घरातला स्वयंपाक राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत, मावशी. म्हणजे असं बघा, तुम्ही पैसे घेऊन शेजारणीच्या भाकरी थापल्या आणि तिनं तेवढेच पैसे घेऊन तुमच्या थापल्या, तर देशाचं उत्पन्न वाढेल.

शेतकरीण : भाकरी तेवढ्याच?

सल्लागार : तेवढ्याच.

शेतकरीण : (नवऱ्याला) ऐकलं का? देशासाठी उद्यापासून शेजारणीच्या हातचं खायचं.

शेतकरी : तिच्या भाकरी जाड असत्यात.

सल्लागार : जाडी मोजत नाहीत, काका.

(स्पीकर खरखरतो. गाडी आणखी उशिरा येणार एवढंच त्यातून कळतं.)

शेतकरी : साहेब, रागाला येऊ नका, एक इचारू? तुमची फी कशावर असती? तासावर, का आमचं जेवढं सुधरंल त्याच्यावर?

सल्लागार : दिवसावर.

शेतकरी : मंग गाडी चुकली, आज इथंच मुक्काम पडला, तर?

सल्लागार : (टॅब बंद करत) उद्याचा दिवसही धरतात.

शेतकरी : मंग आज ह्या स्टेशनावर तुमच्याइतका कार्यक्षम कुनीच नाही.

शेतकरीण : गप बसा वो. लेकरू सकाळपसून उपाशी दिसायलंय. (डबा उघडते.) घ्या, भाकर हाय, ठेचा हाय.

सल्लागार : अहो, कशाला मावशी...

शेतकरीण : घ्या म्हंते ना. आन त्या तुमच्या कागदावर दोनशे नव्व्याण्णव होतं का? तीनशे करा.