बांधापलीकडचे शेजारी

कोंबडा पहाटे आरवतो, ही तक्रार होऊ शकते असे आमच्या गावात कोणाला कधी वाटले नव्हते. बांधापलीकडच्या नव्या सोसायट्यांतून आता ती होते. शेणखताचा वास येतो, पाण्याच्या मोटारीचा आवाज येतो, काकड्याला टाळ वाजतात, ट्रॅक्टरच्या चाकाचा चिखल डांबरी रस्त्यावर पडतो, याही तक्रारी होतात. यावर आमचे म्हणणे काय, ते कोणी विचारले नाही. म्हणून ते इथे मांडतो आहे.

मांजरी बुद्रुक हे पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या काठचे बागायती गाव. मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक ही इथली रोजची पिके, आणि द्राक्षांचे तर नावच आहे. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 मध्ये इथेच आले. त्यांनी काढलेल्या ‘मांजरी नवीन’, ‘मांजरी मेडिका’ या जातींनी गावाचे नाव सगळीकडच्या बागांत नेले. 30 जून 2021 रोजी पुणे महापालिकेत 23 गावे गेली, त्यात आमचेही. ग्रामपंचायत संपली. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे निवडणूकच झाली नाही. म्हणजे सरपंच गेला आणि तेवढी वर्षे नगरसेवक आला नाही. पूर्वी पारावर बसलेल्या माणसाला अडचण तोंडावर सांगता यायची. आता ती मोबाइलवर नोंदवायची आणि क्रमांक जपून ठेवायचा. म्हाताऱ्या माणसांनी हे कसे करावे?

पण मला मोठ्या कारभाराबद्दल फार बोलायचे नाही. रोजच्या जगण्यात टोचणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत.

मोटारीचा आवाज घ्या. शेतीची थ्री-फेज वीज चोवीस तास नसते; ती पाळीपाळीने दिवसा आणि रात्री सोडतात. रात्रपाळी असली की बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीत दारे धरायला जावे लागते. तिथे उभ्या असलेल्या माणसाला वरच्या मजल्यावरून कोणी ओरडून ‘आवाज बंद करा’ म्हणतो, तेव्हा फार वाईट वाटते. दारे धरणाऱ्यालाही झोप हवी असते. त्याचीही बायको घरी जागी असते.

शेणखताचे तसेच. ते उन्हाळ्याच्या शेवटी पसरायचे असते आणि चार-आठ दिवस वास येतोच. त्याच रानातली कोथिंबीर तक्रार करणाऱ्या इमारतीत जाते. जुड्या द्यायला गेलेल्या बाईला फाटकावर अडवून नाव, कोणाकडे आणि का हे वहीत लिहायला लावतात. वॉचमनचा दोष नाही, त्याला तसे सांगितलेले असते. पण तिने जिथे वीस-पंचवीस वर्षे खुरपणी केली, तिथे तिला रोज उन्हात उभे करून ठेवणे मला पटत नाही.

सगळ्यांत जास्त त्रास उजेडाचा होतो, आणि तो कोणाला सांगूनही खरा वाटत नाही. शेवंतीला कळी धरायला लांब, अंधारी रात्र लागते. पावसाळा सरताना रात्र मोठी होऊ लागते आणि झाडाला ती खूण मिळते. सोसायटीच्या आवाराच्या भिंतीवर शेताच्या बाजूला तोंड करून फ्लडलाइट लावले की भिंतीलगतच्या ओळींना रात्र कळतच नाही. झाड हिरवेगार होते, पसरते, पण कळी धरत नाही. आतल्या वाफ्यांत फुले लागलेली असतात आणि कडेच्या ओळी नुसत्या पाल्याच्या उभ्या राहतात. दसरा-दिवाळीचा बाजार एकदा हुकला की त्या झाडाचे पुढे काय करायचे? हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

दुसरी गोष्ट वाटेची. पाणंद बैलगाडीपुरती असते. तिच्यावर कुंपण सरकले किंवा फाटक बसले की मागच्या रानातला माल डोक्यावरून काढावा लागतो. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चा आहे आणि त्याखाली तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतो. पण अर्ज, पाहणी, तारखा यांत महिने जातात. मेथी महिन्याभरात काढावीच लागते, ती तारखेसाठी थांबत नाही.

आणि ओढे. भराव टाकून ओढ्याची गटारे करायची आणि पावसाळ्यात शेतात पाणी साचले की शेतकऱ्याने बांध नीट घातला नाही म्हणायचे, हा प्रकार सर्रास चालतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काय केले ते सगळ्यांनी पाहिले आहे. वीसहून अधिक माणसे गेली. ओढा अरुंद केला तरी पाऊस तेवढाच पडतो.

यावर एक उत्तर नेहमी येते: जमिनी तुम्हीच विकल्या ना? विकल्या. वाटण्या होत एकरांचे गुंठे झाले, पाणी शहराकडे वळले, मजूर मिळेनात, पोरांना शेती नको झाली. ज्याने विकली त्याला मी नावे ठेवत नाही. पण शेजारच्याने त्याची जमीन विकली म्हणून माझ्या पिकाचा अंधार, माझी वाट आणि माझ्या ओढ्याचे पाणी त्या खरेदीखतात लिहून दिले गेले नव्हते.

नव्या माणसांशी आमचे वैर नाही. तीही कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन आली आहेत, आणि खिडकीतून हिरवे शेत दिसते म्हणून आनंदाने आली आहेत. त्यांना माझी विनंती आहे. फ्लॅट घेण्याआधी तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा पाहा. ओढा कुठून जातो, पाणंद कुठे आहे, ते त्यावर दिसते. राहायला आल्यावर कोंबड्याची तक्रार करण्याआधी एकदा बांधावर या, चहा घेऊ. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत दिव्यांचा विषय काढा. शेताकडची तोंडे खाली, आवारात वळवायला एक वायरमन आणि एक दुपार पुरते.