शफल, रावण आणि भाईंदर लोकल

मीरा रोडच्या टॉवरांमध्ये (ज्यांच्या नावात 'हाइट्स' असतं आणि पाणी टँकरचं असतं ते) सध्या एक शोध लागला आहे. गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळीने ऐकता येतात म्हणे! त्यासाठी एका सद्गृहस्थांनी हप्त्यावर रेकॉर्ड प्लेअर घेतला, शेजाऱ्यांना बोलावलं, फोन टोपलीत जमा करून घेतले आणि 'राम श्याम गुणगान' लावलं. भीमसेन आणि लता! पहिली बाजू संपायच्या आत तिघांना अचानक 'ऑफिसचा अर्जंट कॉल' आठवला. उरलेल्यांनी यजमान तबकडी उलटत असतानाचा व्हिडिओ काढला. टोपलीतला फोन कुणी कधी उचलला, ते विचारू नये. दुसरी बाजू कुणी ऐकली, तेही.

आमची आजी हे सगळं फुकटात करायची. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल. आठवड्याला एक नवं गाणं, अशी वर्षाहून थोड्या जास्त काळात ५६. पुढचं गाणं हवं असेल तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबा! तेच आज शफलवर लावून बघा. रावणाचा वध आधी होतो, मग सीतेचं स्वयंवर लागतं आणि सगळं आटोपल्यावर रामाचा जन्म. राम बिचारा विचारत असेल, मी आलो कशाला?

२०२१ साली ॲडेल या इंग्रज गायिकेने विनंती केली आणि स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं शफलचं मुख्य बटण हलवलं. गदिमा-बाबूजींच्या वतीने असा अर्ज कुणी करायचा, महापालिकेने? शिवाय तिथे ३० सेकंद ऐकलं की गाणं 'ऐकलं' असं धरतात. ३० सेकंदांत आमच्याकडे गणपतीच्या आरतीला टाळ कुणी घ्यायचे हेही ठरत नाही.

आता त्या टॉवरवाल्यांना कुणीतरी सांगा की अखंड श्रवणाची सोय रोज सकाळी भाईंदर स्टेशनातून सुटते. भजनाच्या डब्यात चढा. ढोलकी, टाळ, आणि ठेका कमी पडला तर डब्याचा पत्रा आहेच. आधी गजर, मग रूपाचा अभंग. अंधेरीच्या आसपास गवळण येते, आणि चर्नी रोड ओलांडताना भैरवी. क्रम चुकत नाही. चुकलाच तर खिडकीतले काका डोळे न उघडता सुधारतात. आवडत नसलेला अभंग टाळायचा म्हणाल तर गर्दीत हात वर करून कान झाकायलाही जागा नसते. बोरिवलीला उतरायचं मनात असलं तरी दारापर्यंत पोचेस्तोवर दोन अभंग होतात. आणि याला कुणी 'डीप लिसनिंग' म्हणत नाही. सेकंड क्लासचा पास असला की पुरे.

त्याच गाडीत, पुढच्या डब्यात, स्पीकर चालू ठेवून रील बघणाऱ्या रसिकांना एक नम्र विनंती. इयरफोन सापडत नसेल तर हरकत नाही, पण मग लावलेलं गाणं निदान पूर्ण वाजू द्या. अंतरा येणार म्हणून आम्ही कान लावून बसतो आणि तुम्ही अंगठा मारून भलत्याच बाईची बिर्याणी सुरू करता.