नानांची खुर्ची

नगरमधल्या सावेडीच्या कुठल्याही कॉलनीत एक नाना असतातच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, खिशात टेप, आणि कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चारदा चढल्याची आठवण प्रत्येक चहासोबत. १६४६ मीटर उंचीवर पोचलेल्या माणसाला घरातल्या सतरा पायऱ्या जड जातात, हे कबूल कसं करायचं? म्हणून जिन्यावर रुळावरून वर-खाली नेणारी खुर्ची 'हिच्यासाठी' घ्यायचं ठरतं.

'हिचे' गुडघे ठणठणीत असतात.

खरेदी म्हणजे आठ महिन्यांचं टेंडर. नाना पायरीन् पायरी मोजतात आणि गवंड्याचं जुनं पाप उघडं पडतं: पहिली आठ इंच, मधल्या सात, शेवटची साडेपाच. विक्रेत्याला मात्र जिना वळतो कुठे, एवढंच हवं असतं. सरळ जिन्याला तयार रूळ कापून बसवता येतो. वळणाचा त्या एका घराच्या मापाने घडवावा लागतो आणि तो फार महाग पडतो. आकडा ऐकून नाना जिनाच पाडून सरळ बांधायचा हिशेब मांडतात. रूळ भिंतीला नव्हे, पायऱ्यांना ठोकतात हे कळल्यावर त्यांना कडप्पा तडकल्याची स्वप्नं पडू लागतात. अमेरिकेत क्रिस्पेन नावाच्या गृहस्थाने १९२०च्या दशकात अशी खुर्ची कशी केली, हा इतिहास ते फिटिंगवाल्याला ड्रिल चालू असताना ऐकवतात. तो बिचारा मान डोलावतो.

"लाइट गेली तर मधेच लोंबकळायचं का?" हा नानांचा हुकमी प्रश्न. उत्तर सोपं आहे. खुर्ची बॅटरीवर चालते, घरातली वीज ती बॅटरी फक्त भरत राहते. अट एकच: खुर्ची चार्जिंगच्या जागी, बहुधा रुळाच्या टोकाला, नीट उभी करायची आणि बटण चालू ठेवायचं. नाना हे वहीत लिहून घेतात. त्याच रात्री, गेली चाळीस वर्षं करतात तसे, झोपण्यापूर्वी घरातले सगळे स्विच बंद करतात.

चार-पाच दिवसांनी मध्यरात्री टीं... टीं... सुरू होतं. नाना आधी शेजाऱ्याच्या गाडीला दोष देतात, मग मोबाइल तपासतात, मग थेट उंदराचा पिंजरा लावतात. सकाळी खुर्ची नवव्या पायरीवर बसते ती हलतच नाही, आणि तिच्यात नानाच असतात.

मेकॅनिक बटणाकडे बोट दाखवतो. मग रुळावरून बोट फिरवतो, ते काळंकुट्ट निघतं. नानांनी शिलाई मशीनचं तेल सढळ हाताने सोडलेलं, त्यावर नगरची धूळ बसलेली. रूळ कोरड्या फडक्याने पुसायचा, वंगण कंपनी सांगेल तेच आणि तेवढंच, असं तो बजावून जातो.

उन्हाळ्यात काकू कुरडयांची परात मांडीवर घेऊन ऐटीत वर निघतात. शेजारून नाना पायी चढत असतात, धापा टाकत.

"अगं, पट्टा लावलास का?"

"लावलाय. अहो, तुम्ही खालचं बटण पुन्हा बंद केलंत ना?"

नाना अकराव्या पायरीवरून माघारी वळतात.