टक्क्यांतून मुक्ती

सीजीपीए, म्हणजे प्रत्येक विषयाचे श्रेणीगुण त्याच्या श्रेयांकाने (तासांवरून ठरणाऱ्या वजनाने) गुणून, सर्व सत्रांची बेरीज एकूण श्रेयांकांनी भागून येणारी सरासरी, ही विद्यार्थ्याला टक्क्यांच्या जाचातून सोडवणारी थोर व्यवस्था होय. नोकरीच्या अर्जात टक्केच विचारतात, हा तपशील गौण. शिवाय ७.२५ चे सीबीएसईच्या जुन्या ९.५ च्या गुणकाने ६८.९ टक्के, तर तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्याने ६५ टक्के होतात, म्हणजे एकाच हुशारीला दोन भाव मिळतात. याच न्यायाने यवतमाळजवळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत पगारही श्रेणीत द्यावा, आणि त्याचे रुपये किराणा दुकानदाराने आपल्या सूत्राने करावेत. सूत्र अर्थात उधारीच्या वहीत आधीच लिहिलेले असेल.