लिस्बनला गेलेली पेटी

"आलीस व्हय गं गोव्यास्नं? इतके दिवस दाराला कुलूप! म्हटलं, आंबोलीच्या घाटातच राहिली का काय."

"लेकीनं सोडलंच न्हाई अक्का. हे घ्या, काजू."

"आजऱ्यात काजू आणलेस? बाई गं!"

"व्याह्यांनी बळंच दिले. माणूस लई बोलका. जेवणं झाली की वामन नावेलकरांची गोष्ट सुरू. चित्रकार वो, म्हापशाकडच्या पोंबुर्प्याचे. पुस्तकातली चित्रं दाखवली मला. नुसत्या शाईच्या रेघा! शाईची रेघ एकदा वढली की खोडायची सोय न्हाई, तरी हात कुठं अडखळलेला दिसत न्हाई."

"व्हय, पण मोठे म्हंजे किती मोठे?"

"1954 ला पोर्तुगीज सरकारनं शिष्यवृत्ती देऊन लिस्बनला शिकायला नेलं, एवढे. मग 1961 ला गोवा सुटला. तिकडं म्हणाले, भारताच्या निषेधाच्या कागदावर सही कर. ह्यांनी केली न्हाई. झालं, शिष्यवृत्ती बंद! मग गेले आफ्रिकेत, मोझांबिकला. मास्तरकी केली."

"केली असती सही तर काय झालं असतं? कागदच की."

"तुम्ही केली असती अक्का. सोसायटीच्या कागदावर करता, न वाचता."

"बरं बरं! आफ्रिकेत कोण बघतंय चित्रं?"

"असं कसं? मोझांबिकचाच चित्रकार मालांगताना केवढा नावाजलेला! पोर्तुगिजांनी त्याला तुरुंगात घातलं, तर तिथंबी शाईनं चित्रं काढली गड्यानं. आणि नावेलकरांचं नशीब बघा. 1975 ला मोझांबिक स्वतंत्र झालं, आणि नव्या सरकारनं ह्यांनाच नेऊन छावणीत डांबलं."

"आं? पोर्तुगिजांना सही न देणाऱ्यालाच?"

"तेच तर! सुटले, लिस्बनला परतले, तर विमानतळावर पेटीच गेली. हजारावर चित्रं होती म्हणतात. आफ्रिकेतली सगळी कमाई."

"अगं आई! आणि सापडली न्हाई?"

"कुठली सापडतीया! म्हणून तर त्यांचं त्या काळातलं चित्र लई दुर्मीळ. कुणा मित्राला, विद्यार्थ्याला हातानं दिलेलं असंल, तेवढंच वाचलं असणार."

"म्हंजे जपलेलं गेलं आणि वाटलेलं उरलं. माझ्या लोणच्याच्या बरण्यांसारखं. घरात एक न्हाई, तुझ्या फडताळात चार."

"देते वो धुऊन! ऐका तरी. 1982 ला माणूस गोव्यात आला आणि परत काढायला बसला. सही मात्र 'गणेश'. गेलेल्या भावाचं नाव ते. 2021 ला वारले."

"बाई, मी तर हातरूणच धरलं असतं. पण काय गं, तुझे मामंजी पणजीला कामाला होते न्हवं? त्यांची ट्रंक हाय की माळ्यावर. बघ एकदा, त्यांनाबी वाटलं असंल एखादं चित्र."

"बघितलीया. सगळ्या सोसायटीच्या पावत्या हैत. एक तुमच्या थकबाकीची बी हाय."