माझ्या डाव्या गुडघ्यास खुले पत्र

चि. डावा गुडघा यास,
अनेक आशीर्वाद.

वयाने आपण बरोबरीचे. पण कुरकुर तुझी जास्त, म्हणून मोठेपणा मी घेतो. पत्र खुले ठेवले आहे, कारण संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या इतर गुडघ्यांनाही ते उपयोगी पडेल.

डॉक्टर म्हणाले, वाटी झिजली, बदलावी लागेल. मेडिक्लेम आहे म्हणून मी निर्धास्त होतो. मग पॉलिसी उघडून वाचली. हप्ते मी भरायचे आणि अटी तू पाळायच्या, असा तो व्यवहार आहे.

अट पहिली, धीर धर. सांधेबदलाला बहुतेक पॉलिसींत दोन वर्षे थांबावे लागते. ही मुदत तीन वर्षांपलीकडे नेता येणार नाही, असे विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये ठरवले आहे. तेव्हा यापुढे तारखा पाहून झिजत जा. अपघात झाला तर मात्र थांबायची गरज नसते. म्हणजे जन्मभर इमानेइतबारे जिने चढलेल्या गुडघ्याने ताटकळायचे आणि केळीच्या सालावरून घसरलेल्याने थेट ऑपरेशन थिएटरात जायचे! तू भलते काही मनात आणू नकोस. मी कठडा धरूनच उतरणार आहे.

अट दुसरी, दुखायचे तर मुकाट्याने. केसपेपरवर कुणी ‘गुडघेदुखी, बरीच वर्षे’ एवढे खरडले, की तुझे दुखणे पॉलिसीपेक्षा वडील ठरते आणि क्लेम अडतो. सलग पाच वर्षे पॉलिसी चालवली की मग माहिती लपवल्याचे कारण कंपनीला पुढे करता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. तोवर बाम लाव आणि गप्प बस.

अट तिसरी, ऐषआराम नको. समज, खोलीभाड्याची मर्यादा रोजची पाच हजार आहे आणि आपण दहा हजारांची खोली घेतली. मग जादा भाडे तर आपल्या माथी बसतेच, शिवाय सर्जनच्या फीलाही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते. इम्प्लांट, औषधे आणि तपासण्या यांना ती लावता येत नाही, पण हे कापणाऱ्याला आठवण करून द्यायचे काम आपले. हातमोजे वगैरे किरकोळ वस्तू अनेकदा आपल्याच खिशातून. रोबोटकडून शस्त्रक्रिया करून घ्यायची हौस असेल, तर तिची मर्यादा काही पॉलिसींत वेगळी. ज्येष्ठांच्या कित्येक पॉलिसींत तर बिलाचा ठरावीक हिस्सा रुग्णानेच भरायचा असतो.

एक बातमी मात्र खरोखर गोड आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली आणि दीड लाखाच्या घरातला कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी इतका खाली आला. आनंदाने उडी मारू नकोस, झेपणार नाही. ही मर्यादा फक्त इम्प्लांटला आहे. खोली, सर्जन आणि भूलतज्ज्ञ तिच्या बाहेर.

उजव्यालाही निरोप दे: विम्याची रक्कम एका वर्षात एकालाच पुरेल, त्याने पुढच्या नूतनीकरणानंतर झिजावे.

तुझा,
पॉलिसीधारक

ता. क. हे गुडघ्यांसाठी नाही, त्यांच्या मालकांसाठी आहे. पॉलिसी गुडघे धडधाकट असतानाच घ्या. प्रतीक्षाकाळ, खोलीभाडे आणि स्वतःचा हिस्सा ही तीन कलमे सही करण्यापूर्वी वाचा. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडेच तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. तिथे फी पडत नाही आणि वकीलही लागत नाही.